अमेरिकी सैन्यातील समलैंगिकांवरची बंदी उठायला नऊ महिने का लागले?

प्रश्न: ‘विचारू नका, सांगू नका’ हे, समलैंगिकांना ओळख लपवली तरच सैन्यात राहू देणारे धोरण रद्द करणाऱ्या कायद्यावर ओबामांनी २२ डिसेंबर २०१० रोजी सही केली, मग बंदी २० सप्टेंबर २०११पर्यंत का टिकली?

प्रतिसाद १: अट कायद्यातच होती. या बदलाने सैन्याच्या सज्जतेला बाधा येणार नाही, असे राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष या तिघांनी लेखी कळवल्यानंतर ६० दिवसांनीच बंदी उठणार होती, आणि ते पत्र जुलै २०११मध्ये गेले.

प्रतिसाद २: अट समजते, पण १९९३पासूनच्या या धोरणापायी तेरा हजारांहून अधिक जणांना घरी पाठवले गेले आणि त्यांत सैन्याला निकडीने हवे असलेले अरबीचे जाणकारही होते, हे आठवले की ते नऊ महिनेही मला फार वाटतात.

प्रतिसाद ३: हवाई दलातील लिओनार्ड मॅटलोविच यांना तर समलैंगिक असल्याबद्दल १९७५मध्येच काढले होते. वॉशिंग्टनमधील त्यांच्या थडग्याच्या काळ्या शिळेवर लिहिले आहे, की दोन माणसे मारल्याबद्दल सैन्याने मला पदक दिले आणि एकावर प्रेम केल्याबद्दल बडतर्फी. ते वाचताना माझ्या घशात आजही आवंढा दाटतो.