तीन पायांचं मांजर घरी आल्यावर : तुमचे अनुभव लिहा

धीर देणारी माणसं पुष्कळ भेटली, आता माहिती हवी आहे. आमच्या ठकूचा पुढचा डावा पाय काढायचं ठरलंय. गाडीचा धक्का बसला तेव्हा हाड मोडलं नाही, पण खांद्यातून पायात जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या. पंजा उलटा पडतो, पाय फरशीवर घासत येतो, चिमटा काढला तरी तिला कळत नाही. वाट बघून झाली. आता पंजाला जखम झालीये आणि ती स्वतःच तो पाय चावायला लागलीये, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आणखी थांबण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या घरी असं मांजर आहे किंवा होतं त्यांनी लिहा. एक विनंती. ‘शूर’, ‘लढवय्यी’ वगैरे राहू दे. शी-शूच्या ट्रेमध्ये काय घातलंत, जमिनीवर काय अंथरलंत, खाल्लं नाही तेव्हा काय केलंत, रात्री कोण जागलं, ते सांगा. वाईट अनुभवही चालतील. पाय मागचा असो की पुढचा, कारण काहीही असो.
— ठकूची आई, ठाणे

*

आमच्या झिपरीचाही पुढचाच पाय, खांद्यापासून. ताई, पहिली गोष्ट म्हणजे मनाची तयारी ठेवा. अर्धं अंग भादरलेलं, लांबच लांब टाके आणि आजूबाजूला जांभळं-निळं. माझ्या सासूबाई तर दारातूनच मागे फिरल्या. तो निळेपणा काही दिवसांत उतरतो.

कॉलर, म्हणजे जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कर्णा, तिने पहिल्या रात्रीच भिंतीवर आपटून आपटून वाकडा केला. मग घरात पुतणीची झबली होती, त्यातलं एक घातलं. पाठीवर नाड्या, एक बाही कापून शिवून टाकलेली. जखम झाकली जाते, मांजर चालू शकतं, आणि टाके बघायचे तर नाड्या सोडल्या की झालं. चार झबली ठेवा, ओली होतात. मात्र डॉक्टरांना विचारून घाला. काही टाक्यांना हवा लागू द्यायची असते, आणि कापड ओलं राहिलं तर कर्णा परवडला.

ट्रेची नेहमीची बारीक रेती काढून टाका. ती जखमेला चिकटते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून घातल्या. ट्रे मात्र सपाट हवा. उंच कडेला कर्णा अडतो आणि मांजर आत जायचंच सोडून देतं. आम्ही चहाचा मोठा ट्रे वापरला. तो आता तिचाच आहे, पाहुण्यांनी काळजी करू नये.

रात्री जागण्याबद्दल विचारलंत. मी जागले, पण तशी गरज नव्हती. ती पिंजऱ्यात झोपली होती. मोठा पिंजरा भाड्याने मिळत असेल तर घ्याच. पलंगाखाली शिरलेलं टाके घातलेलं मांजर बाहेर कसं काढणार?
— झिपरीची मावशी, डोंबिवली

*

मी पशुवैद्य आहे, सातारा भागात काम करतो. वर पुतणीच्या झबल्याचं लिहिलंय ते अगदी बरोबर. फक्त दोन-तीन गोष्टी जोडतो.

लोक विचारतात, ‘डॉक्टर, नुसता पंजा खराब झालाय, मग अख्खा पाय का काढता?’ थोटूक ठेवलं तर मांजर ते टेकवायला जातं, कातडी सोलते, पुन्हा जखम होते. म्हणून पुढचा पाय बहुतेक वेळा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. फरा ठेवला तर भोवतीचे स्नायू झिजल्यावर ते हाड कातडीखाली टोचत राहतं. मागचा पाय मांडीच्या मध्यापासून किंवा खुब्यातून काढतात.

दुखण्याबद्दल. मांजर ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं धरू नका. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी मांजराचा चेहरा वाचायची एक पद्धत 2019 मध्ये प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी बघतात : कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक झालेत का, तोंडाचा भाग ताठरलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. शस्त्रक्रियेआधी शांत बसलेली असताना ठकूचा एक फोटो काढून ठेवा. नंतर तुलनेला तोच उपयोगी पडेल. काही मांजरं मध्येच दचकून नसलेल्या पायाच्या जागेकडे वळतात, तिथे चाटायला जातात. ते नसांचं दुखणं असू शकतं, त्याला वेगळं औषध असतं. अशा वेळी मोबाइलवर चित्रफीत काढा आणि तुमच्या डॉक्टरांना पाठवा.

आणि कृपा करून, घरातली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल अजिबात नको. अर्धी नको, पाव नको. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहायचं बंद करतं, हिरड्या तपकिरी पडतात, आणि एका गोळीने मांजर मरू शकतं. आयबुप्रोफेनही नको. जखमेवर डेटॉल नको, ते चाटून पोटात जातं आणि विषारी आहे. आजीने सांगितलेली हळदही नको. मेलोक्सिकॅम हे दुखण्याचं औषध डॉक्टर देतात, पण मोजून, आणि मूत्रपिंडाचा विचार करून. बाटली घरात उरली म्हणून पुढच्या वेळी आपल्या मनाने देऊ नका.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. दुर्गंधी, पू, टाका उसवणं, एक पूर्ण दिवस न खाणं किंवा दिवसभर लघवी न होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा. बोका असेल तर लघवीच्या बाबतीत तर काही तासही थांबू नका.
— एक पशुवैद्य

*

आमच्या गावचं वेगळं आहे. सिंधुदुर्गात रानडुकरांसाठी फासकी लावतात, त्यात कुत्री-मांजरं अडकतात. आमची भाटी दोन दिवस गायब होती, आली ती मागच्या पायात तारेचा फास घेऊन. तार सोडवली तरी खाली रक्तच जात नव्हतं. पंजा गार, मग काळा पडला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस, पण तिथे गाई-म्हशींची सवय. त्यांनी स्वच्छ सांगितलं की भूल देऊन मांजराचा पाय काढायची सोय माझ्याकडे नाही, कोल्हापूरला न्या. गाडी केली. टोपलीत गोधडी, वर जाळी. घाटात ती ओकली. सकाळपासून उपाशी ठेवली होती म्हणून नुसतं पाणीच आलं.

घरी आल्यावर पिंजरा कुठला असायला? भाताच्या जुन्या कणगीत ठेवली होती. तळाला गोणपाट, वर चादर. आई म्हणायची, ‘काय होवचा नाय तेका.’ मला तेव्हा तिचा राग यायचा. पण आठवड्याच्या आतच ती कणगीवर चढून बसलेली दिसली. टाके निघायच्या आधीच! शिव्या देत खाली उतरवली.

शेणाने सारवलेली जमीन तिला बरी पडते, नखं रुततात. चुलत्याच्या नव्या घरात गुळगुळीत फरशी आहे, तिथे ती आजही मागून घसरते. फ्लॅटवाल्यांनी याचा विचार करा. उंदीर अजून धरते. कोंबड्याला मात्र आता घाबरते, आधी तो तिला घाबरायचा.
— कुडाळच्या बाजूने

*

सगळ्यांना धन्यवाद. झबली जमवायला घेतली आहेत. खर्चाचं कुणी बोललं नाही. खाजगीत आम्हाला सांगितलेला आकडा ऐकून नवरा गप्प झाला. कुणी मुंबईत धर्मादाय ठिकाणी केलंय का?
— ठकूची आई

*

परळला केलं, म्हणजे आपल्या बैलघोडा हॉस्पिटलात. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे खरं नाव, पण टॅक्सीवाल्याला सांगून बघा. खाजगीच्या मानाने फार कमी लागले. रांग लागते, सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली आणि मांजराच्या पिंजऱ्यावर टाकायला चादर न्या. बाजूला कुत्री असतात, चादर नसेल तर मांजर आधीच अर्धमेलं होतं. शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणी आणि छातीचा एक्सरे होतो का ते कुठेही विचाराच. गाडीची धडक बसलेल्या मांजरांचं पोटातलं-छातीतलं दुखणं वरून दिसत नाही.
— लालबाग

*

वाईट अनुभव चालतील असं म्हणालात म्हणून लिहितो. आमचा बोका तेरा वर्षांचा होता, भरपूर लठ्ठ. शस्त्रक्रिया उत्तम झाली. जखम सुंदर भरत होती. तो खाईना. आम्हाला वाटलं, दुखतंय, रुसलाय, खाईल उद्या. मासे दिले, अंडं दिलं. वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. मग डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा दिसला. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत काम सोडतं, हे तेव्हा कळलं. मानेतून अन्ननलिकेत नळी घालून पातळ अन्न दिलं. अशाने बरीच मांजरं वाचतात असं डॉक्टर म्हणाले. आमचा नाही वाचला.

पाय काढायचा निर्णय चुकला असं मला अजूनही वाटत नाही, गाठ फार दुखत होती. पण शस्त्रक्रियेच्या कागदावर टाक्यांबद्दल सात ओळी होत्या आणि खाण्याबद्दल एकही नव्हती. तुम्ही रोज किती ग्रॅम खाल्लं ते लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा वापरा.
— नागपूर

*

नागपूरच्या दादांचं वाचून थांबले होते. खाण्याबद्दल आम्हाला उपयोगी पडलेलं सांगते. अन्न कोमट करा, वास सुटला पाहिजे. बशी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा. पुढचा एकच पाय असेल तर खाली वाकून खाताना तोल जातो आणि मांजर कंटाळून निघून जातं. चिकनचं पाणी द्या, पण त्यात कांदा-लसूण नको, दोन्ही मांजरांना विषारी. दुखण्याची गोळी आणि जेवणाची वेळ जुळवा. गोळी लागू पडल्यावर आमची बरं खायची.

आणि हो, घरात दुसरं मांजर असेल तर ते फिस्कारणार. दवाखान्याचा वास येतो ना. आमच्या सोन्याने सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही. दोघांना एकाच फडक्याने पुसायचे, फडकं याच्याकडून तिच्याकडे. मग हळूहळू जमलं.
— नाशिक

*

न्यू जर्सीहून. आमच्या मांजरीला मागच्या उजव्या पायात, गुडघ्याखाली गाठ आली. तपासल्यावर इंजेक्शनच्या जागी होणारा कर्करोग निघाला. हा क्वचित होतो, म्हणून लस टाळू नका, रेबीजची तर नाहीच. पण 1991 पासून इथे या प्रकाराकडे लक्ष गेलं आणि बरेच डॉक्टर मांजरांना लस दोन खांद्यांच्या मध्ये न देता पायात, जितकी खाली देता येईल तितकी खाली देऊ लागले. रेबीजची उजव्या मागच्या पायात. गाठ आलीच तर पाय काढता येतो, पाठ काढता येत नाही. आमची त्यामुळेच वाचली. भारतात आईकडे मांजर आहे, तिच्या डॉक्टरांना मी फोनवरून हेच विचारलं. त्यांनी आनंदाने पायात दिली.

विनोदी भाग असा की ट्रेमध्ये माती ओढायची तिची सवय गेली नाही. मांडीचं उरलेलं टोक जोरजोरात हलतं, रेती जागची हलत नाही, आणि ती समाधानाने निघून जाते. झाकायचं काम आमचं.
— न्यू जर्सी

*

सगळे पहिल्या दोन आठवड्यांबद्दल लिहितायत. आमची चिमणी पुढच्या एका पायावर बरीच वर्षं जगतेय, तर मी त्यापुढचं लिहिते.

मांजराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. त्यामुळे पुढचा पाय गेलेल्या मांजराला चढणं सोपं आणि उतरणं कठीण. मागचे दोन पाय उडी मारून कपाटावर पोचवतात, आणि खाली येताना सगळा भार एका पंजावर, कधी हनुवटीवर. म्हणून कपाटावर चढणं बंद न करता खाली यायच्या पायऱ्या केल्या. आधी स्टूल, मग त्याहून बुटका मोडा, मग जाड गादी. मागचा पाय गेलेल्यांचं उलट असतं, त्यांना चढायला मदत लागते. फरशीवर तिच्या नेहमीच्या वाटांवरच रबरी तळाची पायपुसणी टाकली आहेत. अख्खं घर झाकायची गरज पडली नाही, मांजर ठरलेल्या रस्त्यानेच फिरतं.

वजन वाढू देऊ नका. उरलेल्या पंजाची नखं बघत राहा. खरवडायच्या खांबावर एका पायाने उभं राहून ओरबाडता येत नाही, म्हणून आम्ही काथ्याची चटई जमिनीवर आडवी टाकली. मागचा पाय नसलेल्या मांजराला त्या बाजूचा कान खाजवता येत नाही, तेव्हा तो तुम्ही खाजवायचा आणि आतून बघायचा. आमच्या शेजाऱ्यांचा बोका तर ठरावीक वेळी येऊन डोकं पुढे करतो.

खिडक्यांना जाळी नसेल तर ठकू दवाखान्यात असतानाच लावून घ्या. कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, धातूची लावा. आणि जाळीवाला सांगेल त्यापेक्षा दुप्पट खिळे ठोकायला लावा.
— पुणे