नील बेटाला एक दिवस पुरत नाही

कुणीतरी लिहिलंय की अंदमानात नीलला (आताचं शहीद द्वीप) सकाळच्या बोटीने जाऊन संध्याकाळी परतावं. मला हे पटत नाही. किमान दोन रात्री राहाच.

लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघायचा. त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा आधी विचारून मगच दिवस आखा. पाणी ओसरलं की खडकांत डबकी उरतात. अशाच एका डबक्यापाशी आम्ही अर्धा तास उकिडवे बसलो होतो: तळाशी काळी, बोटभर समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा मऊ समुद्री प्राणी), बाजूला निळ्या ओठांचा शिंपला, सावली पडली की पटकन मिटणारा. पायात पकड असलेल्या चपला हव्यात, आणि प्रवाळावर पाय अजिबात देऊ नका, तो जिवंत असतो. मेलेला तुकडाही उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे.

सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला. हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो, म्हणून चारलाच निघा. बेट छोटं आहे, भाड्याची सायकल घ्या. वाटेत भाताची खाचरं, केळी, सुपारी लागते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं गाव आहे, त्यामुळे बाजारातली मासळीची थाळीही बंगाली वळणाची. ती चुकवू नका.