जोडीनं प्रवास आणि डिस्क गोल्फ: देखणा कोर्स कसा निवडावा? (अनुभव धागा)

सई_दादर
माळा आवरताना जुन्या डिस्कची पिशवी हाती आली आणि वाटलं, ह्यावर इथे सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं काही असायला हवं. नवराबायको किंवा कुठलीही जोडी मुंबईहून मुद्दाम डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी चकती फेकून खेळायचा गोल्फ) धरून फिरायला निघाली, तर कोर्स, म्हणजे खेळायची जागा, कसा ठरवावा?

सुरुवात मी करते. फोटो शेवटी बघा, आधी लांबी बघा. यूडिस्क ॲपवर कोर्सचे लेआउट (होलच्या मांडण्या) असतात, त्यात एकूण मीटर दिलेले असतात. दोघांपैकी ज्याचा थ्रो कमी जातो त्याच्या हिशेबानं ठरवा. नवीन माणसाची डिस्क सरळ ५०-६० मीटर जाते. १८ होल मिळून १६००-१८०० मीटरचा कोर्स असेल तर असा माणूस दोन-तीन थ्रोत बास्केटजवळ पोचतो आणि आजूबाजूला बघायलाही उसंत मिळते. २७०० मीटरचा कोर्स घेतला की दहाव्या होलनंतर दरी कुठली नि तळं कुठलं, नुसती खांदेदुखी. बऱ्याच कोर्सवर लांबच्या आणि जवळच्या अशा दोन टी (पहिला थ्रो करायच्या जागा) असतात, त्यामुळे नाव मोठं असलं तरी जवळच्या टीचा लेआउट आहे का ते पाहा.

तळमजला
सईताई, धाग्याबद्दल आभार. लांबीइतकंच महत्त्वाचं म्हणजे डिस्क पडणार कुठे. तळ्याकाठचा होल फोटोत फार छान दिसतो, पण बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. उजव्या हाताचा बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन केलेला थ्रो) शेवटी डावीकडे वळतो. तळं डाव्या अंगाला असलं तर डिस्क आपोआप पाण्याकडेच जाणार. अशा होलला फोरहँड (हात अंगाच्या बाजूनं पुढे आणून केलेला थ्रो) मारा, तो शेवटी उजवीकडे, म्हणजे जमिनीकडे वळतो. फोरहँड येत नसेल तर पटर (जवळच्या थ्रोची डिस्क) घेऊन छोटे छोटे थ्रो करत किनाऱ्यापासून लांबून जा. जोडीत एक डावखुरा असेल तर ह्या होलला त्याचा बॅकहँड सोन्यासारखा.

पाण्यात गेली तर एक थ्रो दंड. पाण्यात शिरली त्या जागेपासून एक मीटरपर्यंत आत येऊन पुढचा थ्रो.

कांदेपोहे_९
बास्केट म्हणजे नक्की काय? होल जमिनीत नसतो का?

तळमजला
नाही हो. खांबाला लोखंडी टोपली आणि तिच्यावर साखळ्या लोंबतात. डिस्क साखळ्यांना अडून टोपलीत पडली की होल झाला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा नुसत्या खांबांवर नेम धरत, साखळ्यांची टोपली एड हेड्रिक यांनी नंतर आणली.

ओहोटी
न्यूझीलंडचं क्वीन्सटाउन गार्डन्स. जोडीसाठी पहिला कोर्स म्हणून मी डोळे मिटून हेच सांगेन. वाकाटिपू तलावात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या तुकड्यावर बाग आहे, तिथे उंच झाडांमधून १८ होल, समोर रिमार्केबल्सचे डोंगर. खेळायला पैसे लागत नाहीत, गावातून चालत जाता येतं, होल आखूड आहेत. भाड्याच्या डिस्क गावातल्या दुकानांत मिळतात.

अडचण एकच, ती सार्वजनिक बाग आहे. पायवाटा होलना आडव्या जातात. माणूस दिसला की थांबायचं, तो पार गेल्यावरच फेकायचं. दुपारी गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जा. एप्रिल-मेच्या सुटीत गेलात तर तिकडे शरद ऋतू, झाडं पिवळी झालेली, पण मेमध्ये सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो. डिसेंबरात रात्री नवापर्यंत उजेड.

मेतकूट
ओहोटी, बूट विसरू नका! न्यूझीलंडला उतरताना बाहेर वापरलेले बूट, खेळाचं सामान अर्जात लिहावं लागतं. तळव्याला चिखल असेल तर अडवतात. घरीच जुन्या टूथब्रशनं खाचा घासा, साबणानं धुवा, पूर्ण वाळवा. डिस्कच्या कडेखाली, अंगठ्यापुढच्या खाचेत वाळलेली माती बसते, ती पण काढा. आणि खाऊ! चिवडा, लाडू, मसाला, जे असेल ते अर्जात लिहा. लिहिलं नाही तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

कांदेपोहे_९
बापरे. थेपले नेले तर?

मेतकूट
लिहायचे आणि दाखवायचे. ते ठरवतील. घरगुती डब्यापेक्षा वर घटक छापलेलं बंद पाकीट बरं. मध मात्र नेऊच नका.

गिरगाव_गॅलरी
थेपले थंड हवेत कडक होतात, तूप जास्त घालून करा. विषय तेवढाच, चालू द्या 🙂

उत्तरवारा
युरोपाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जून-जुलैत मुंबईची मैदानं चिखलात असतात आणि तिकडे उजेड संपता संपत नाही. हेलसिंकीत जूनअखेर सूर्य पावणेअकराच्या सुमारास मावळतो, म्हणजे रात्री जेवून १८ होल करता येतात. फिनलंड, एस्टोनिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड हे सगळे एका शेंगेन व्हिसात येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी लागतोच. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड, त्यामुळे कोर्स ठरवण्याआधी ती तारीख बघा.

स्टॉकहोमचा यार्वा आणि हेलसिंकीचा ताली शहरातच आहेत, गाडी भाड्यानं घ्यायची गरज नाही. ऑस्लोजवळचा क्रोखोल रानातला, चढउताराचा, अंगात दम असेल तरच. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये क्लाम्ब्रातून बागेत नऊ बास्केट आहेत, विमान बदलताना मधे अर्धा दिवस असेल तर तेवढंच पुरे.

रानातल्या कोर्सवर गोचिडी असतात, एस्टोनिया आणि फिनलंड-स्वीडनच्या किनारपट्टीला जास्त. लांब पँट, पायमोजे पँटवर ओढलेले, आणि संध्याकाळी गुडघ्यामागं, काखेत, केसांत एकमेकांना तपासा. काढताना बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेलबिल लावू नका. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या लशीचे डोस आठवड्यांच्या अंतरानं असतात, म्हणून डॉक्टरांना वेळेत विचारा.

सई_दादर
उत्तरवारा, गोचिडीचं फार महत्त्वाचं. आइसलंडच्या वाऱ्याचं पण लिहा ना.

उत्तरवारा
वारा समोरून असला की डिस्क उचलली जाते आणि उजव्या हाताच्या बॅकहँडला उजवीकडे कलंडते. तेव्हा जड आणि जास्त फेडची (शेवटी जास्त डावीकडे वळणारी) डिस्क, आणि थ्रो खाली ठेवायचा. मागून वारा असला की उलट, डिस्क लवकर खाली बसते आणि डावीकडे जाते, तेव्हा जरा उंच मारा. वारा असेल तिथे १५० ग्रॅमची हलकी डिस्क नेऊ नका, हातातून सुटली की पतंगच. समुद्रकाठ किंवा उघडं माळरान असलेला कोर्स निवडताना फोटोतल्या झाडांकडे बघा. सगळी एकाच बाजूला झुकलेली असतील तर समजून घ्या.

माटुंगा_ईस्ट
डिस्क किती नेता? आमच्यात कायम ह्यावरून चर्चा.

तळमजला
दोघांत आठ. प्रत्येकी दोन पटर, एक मिडरेंज (मधल्या अंतराची), एक फेअरवे ड्रायव्हर (लांबच्या थ्रोची). १७५ ग्रॅमनं धरलं तर सगळ्या मिळून १४०० ग्रॅम, सामानात जाणवतही नाही. डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (किती वेगानं फेकावी लागते), ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती कलते), फेड (वेग संपताना किती वळते). नव्या माणसानं स्पीड सातच्या वर जाऊ नये. बाराचा ड्रायव्हर हाताला तेवढा वेग नसला की फेकल्या फेकल्या डावीकडे बसतो, आणि कोर्स वाईट आहे असं वाटायला लागतं.

मागच्या बाजूला पक्क्या मार्करनं नाव आणि +९१ लावून नंबर लिहा. नुसते दहा आकडे लिहिले तर परदेशात सापडलेली डिस्क कोणी कळवणार कसं? रंग गुलाबी नाहीतर केशरी. हिरवी गवतात आणि पिवळी शरदातल्या पानांत दिसत नाही.

गिरगाव_गॅलरी
गुलाबीला +१

मेतकूट
पानांवरून आठवलं, अमेरिकेत जाणार असाल तर व्हरमाँटचं स्मगलर्स नॉच. रिसॉर्टमध्येच दोन कोर्स, ब्रूस्टर रिज झाडीचा आणि फॉक्स रन मेडोज मोकळा. २०१८ आणि २०२३ ची जागतिक स्पर्धा इथेच झाली. एकाला खेळायचं आणि दुसऱ्याला नुसतं बसायचं असेल तर राहायची जागा शेजारी असणं किती सोयीचं! मॅसॅच्युसेट्समधलं मेपल हिल ख्रिसमसच्या झाडांच्या शेतात आहे, तळी, लाल पानं, सगळं. तिथे पैसे भरून खेळायचं असतं, सप्टेंबरात मोठी स्पर्धा असते, त्या आठवड्यात कोर्स खुला आहे का ते बघूनच तिकीट काढा.

ओहोटी
इतकं लांब नको असेल तर जपान. तोक्योच्या पश्चिमेला ताचिकावात शोवा किनेन पार्क आहे, त्यात डिस्क गोल्फ आहे. बागेला प्रवेश तिकीट. मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला चेरी, नोव्हेंबरात गिंकोची पिवळी झाडं. निशी-ताचिकावा स्टेशनवरून बागेचं दारच लागतं.

माटुंगा_ईस्ट
एकाला येतं आणि दुसऱ्याला नाही, तर खेळ कसा लावायचा? गुण मोजले की तोंडं सुजतात.

सई_दादर
बेस्ट शॉट लावा. दोघांनी टीवरून फेकायचं, ज्याची डिस्क चांगल्या जागी पडली तिथून पुढे दोघांनी खेळायचं. गुण एकच, जोडीचा. शिकणाऱ्यावर ताण नाही, आणि त्याचा पट (बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो) बसला तर तो जोडीचाच. पण बास्केटपासून १० मीटरच्या आत पट करताना डिस्क सोडल्यावर आधी तोल पूर्ण सांभाळून आपल्या जागेच्या मागेच उभं राहायचं, त्याआधी पुढे पाऊल पडलं की दंड. हे आधीच सांगून ठेवा.

कांदेपोहे_९
आणि मुंबईत सराव कुठे? शिवाजी पार्कात क्रिकेटवाले उभं राहू देणार नाहीत.

ओहोटी
ओहोटीच्या वेळी जुहूला, सकाळी. ओली घट्ट वाळू मिळते, लांब मारता येतं. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आजची वेळ परवा चालत नाही. वाळूनं प्लास्टिक घासतं, म्हणून चांगली डिस्क नको, स्वस्त साधीच न्या. माणसं वाढली की बंद करा.

तळमजला
पटिंगसाठी गच्ची. कपडे वाळत घालायच्या दोरीला जुनी जाड चादर टाका, खालचं टोक मोकळं सोडा, समोर घमेलं. पाच मीटरवरून पटर मारला की चादरीला आपटून खाली पडतो, कठड्यापलीकडे जात नाही. चादर ताणून बांधली तर डिस्क उसळून परत येते, ढिलीच ठेवा. दुपारी नको, खालचे काका झोपलेले असतात.

कांदेपोहे_९
आमच्या गच्चीला कुलूप असतं, चावी सेक्रेटरींकडे.

गिरगाव_गॅलरी
त्यांनाच एक पटर द्या हातात 😀

माटुंगा_ईस्ट
बेस्ट शॉटचं घरी वाचून दाखवलं. ताली ठरतंय बहुतेक. उत्तरवारा, तिथे आखूड लेआउट आहे का?

उत्तरवारा
ॲपवर ताली उघडा, लेआउटच्या यादीत मीटर कमी तो निवडा, आणि खाली खेळाडूंनी लिहिलेली ताजी स्थिती वाचा. कधी एखादी बास्केट हलवलेली असते. पाऊस असेल तर दोघांना दोन वेगळे टॉवेल घ्या, एकच असला की तो चौथ्या होलला ओला होतो.