ॲल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगला पिन होल येताहेत, सफाईत चुकतंय का?

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन आहे. आजवर लोखंड आणि एसएस (स्टेनलेस स्टील) एवढंच केलं, आता पहिल्यांदाच ॲल्युमिनियमच्या टाक्या घेतल्यात. 3 मिमी पत्रा, 5052 ग्रेड, फिलर (जोडात वितळवायची कांडी) 5356. टिग मशीन एसी करंटवर, 120 अँपिअरच्या आसपास, आर्गन मिनिटाला 8 लिटर. त्याच सिलिंडरवर एसएस एकदम झकास होतं, म्हणजे गॅसवर संशय नाही.

पत्रा वायर ब्रशने चकचकीत करतो, मग थिनरची चिंधी मारतो. शिअरिंगच्या (मशीनवर कातरलेल्या) कडा तशाच भिडवून टॅक (धरून ठेवणारे छोटे टाके) मारतो. तरी बीडमध्ये (वेल्डच्या पट्टीत) काळे ठिपके. वरून कानस मारली की आत सुईने टोचल्यासारखी भोकं. पहिली टाकी पाण्याच्या टेस्टला घामेजल्यासारखी पाझरली. पार्टी रोज फोन करतेय.

जुनी कानस:
क्रम उलटा झालाय. आधी तेल काढायचं, मग ब्रश. तेलकट पत्र्यावर ब्रश मारला की तेल ओरखड्यांत दाबून बसतं. नंतरची चिंधी तिथवर पोचत नाही. ॲसिटोन घ्या, चिंधी दरवेळी नवी. ब्रश एसएसच्या तारांचा, नवा, आणि फक्त ॲल्युमिनियमलाच. लोखंडाला लावलेला ब्रश परत इकडे आणायचा नाही. हात हलका ठेवा, भांडी घासायची नाहीत. फिलरची कांडीही पुसा, ती सगळेच विसरतात.

पत्रा ठेवलाय कुठे?

धागाकर्ता:
शेडच्या दाराशी. पावसाचे शिंतोडे आलेत, वरच्या दोन पत्र्यांवर पांढरे डाग आहेत. आणि ब्रश... लोखंडाचाच आहे. 🙈

जुनी कानस:
मग सापडलं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 च्याही वर. एसी तो थर फोडतो खरा, पण पातळ असेल तरच. पांढरा डाग म्हणजे ओल धरलेला जाड थर. तेल काय, ओल काय, दोन्हींतून हायड्रोजन सुटतो. वितळलेलं ॲल्युमिनियम तो पोटात घेतं आणि गोठताना बाहेर टाकतं. निसटायला वेळ मिळाला नाही की तुमचं पिन होल. डाग ब्रशने जाणार नाहीत, फ्लॅप व्हीलने (सँडपेपरच्या पाकळ्यांच्या चाकाने) उतरवा, तेही नवीनच.

बेव्हल पंचेचाळीस:
कडांबद्दल कुणी बोललं नाही. शिअरिंगने धातू फाटतो, त्या दुमडीत तेल अडकतं. कानस मारून कड उघडी करा, खालची धारही थोडी मोडा, नाहीतर मुळाशी ऑक्साइडची रेघ राहते. साफ केल्यावर लगेच जोडा, उघड्या हाताने शिवू नका. आणि एक, ब्रेक क्लीनरच्या फंदात पडू नका. क्लोरीनवाला असेल तर आर्कमध्ये फॉस्जिन होतो, तो वायू जिवावर बेततो. ॲसिटोनही पूर्ण उडू द्या, डबा लांब ठेवा.

धागाकर्ता:
आज दोन तुकडे केले. जुन्या पद्धतीचा तुकडा कापला तर चाळणी. दुसऱ्याच्या कडा कानसल्या, ॲसिटोन, नवा ब्रश. बीड चांदीसारखं, पिन होल फक्त तीन. तिन्ही टॅकच्या जागी.

जुनी कानस:
टॅकवरची काजळी काढली होती का?

धागाकर्ता:
नाही. 😅 उद्या पुन्हा करतो.