वरच्या मजल्यावरचं ऑफिस (टिळकवाडी, बेळगाव, सोसायटी ग्रुप)

वैनी, बी-204: कुणाच्या ओळखीत चांगला वकील आहे का? आज आमच्या ह्यांना एका ऑफिसात अंगठ्यासाठी बोलावलेलं. सरकारीच. पहिला मजला, लिफ्ट नाही, ह्यांना जिना चढता येत नाही, साहेब खाली येईनात. शेवटी दोघा शिपायांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला, ह्यांनी डोळे गच्च मिटले. वरून पोरं व्हिडिओ काढत होती.

अण्णा, ए-101: टाका की तो व्हिडिओ फेसबुकवर!

वैनी: नको ओ अण्णा. ह्यांना तेच नकोय.

संजू, सी-3: वैनी, फी भरायची घाई नको. मी कोर्टाच्या आवारात टायपिंगला असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, लोक अदालत भरवतात तेच, दिव्यांगांना फुकट वकील देतं. 1987 चा कायदा आहे, उत्पन्नाची अट नाही. आधी 15100 वर फोन करून विचारा.

वैनी: आमची पेन्शन आहे, तरी?

संजू: तरी पण. दिव्यांगाचं कार्ड तेवढं न्या.

काकू, ए-302: अर्ज कन्नडमध्ये लागेल ना? मराठीत दिला तर घेतील?

अण्णा: हेच! 1956 पासून...

संजू: अण्णा, सीमाप्रश्न राहू दे आत्ता. तोंडी सांगितलं तरी ते लिहून घेतात. कन्नड अर्ज मी टाईप करून देतो.

पण वैनी, त्याआधी त्याच ऑफिसला लेखी तक्रार द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी ऑफिसात तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलंय, पण तो नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी. म्हणून तक्रार ऑफिसच्या नावानंच द्या. पोच घ्या, शिक्का-तारखेसकट. ती नसेल तर ‘असं काही आलंच नाही’ म्हणून मोकळे होतात.

काकू: बेंगळुरूला आयुक्त असतात ना दिव्यांगांचे?

संजू: असतात. चौकशी करतात, पण शेवटी शिफारसच. काय केलं ते ऑफिसनं तीन महिन्यांत कळवायचं असतं. माझ्या मते ऑफिस आणि आयुक्त, दोन्हीकडं अर्ज टाकावा.

वैनी: आणि ‘असल्यांना कशाला आणता’ म्हणाला तो साहेब, सगळ्यांसमोर?

संजू: ते त्याच 2016 च्या कायद्याचं वेगळं कलम, 92. चारचौघांत मुद्दाम अपमान केला असेल तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शब्द जसेच्या तसे आजच लिहून ठेवा. साक्षीदार कोण?

वैनी: रिक्षावाला होता सोबत. नंबर आहे.

अण्णा: आपल्या गेटाजवळच्या पायऱ्यांचं पण बघा की कुणीतरी.

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगला घेऊ.

काकू: मागच्या रविवारी पण तेच म्हणालात.

वैनी: संजू, सोमवारी सकाळी आवारात भेटशील?

संजू: दहानंतर या. रिक्षा आत येते, पण मागच्या गेटनं आणा, पुढं पायऱ्या आहेत.