स्वर तेच, राग निराळे
आरोह-अवरोह, म्हणजे स्वरांचा चढता-उतरता क्रम, लिहून काढला की रागाचे कोडे, म्हणजे दिलेल्या खुणांवरून राग ओळखणे, सुटतेच, असे काही जण म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. ग्वाल्हेरला लष्कर भागात आम्ही चार-पाच जण रविवारी अशी कोडी घालतो. एकदा एकाने कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म) आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे रागात न येणारा, एवढेच सांगितले, तेव्हा मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांची तिन्ही उत्तरे कागदावर बरोबर ठरत होती. मग त्याने पेटी पुढे ओढली, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावरून (नी) रिषभाला हलका स्पर्श करून तो गंधारावर (ग) आला आणि तेथेच थांबला, आणि पूरिया समोर उभा राहिला. मारव्यात रिषभ-धैवत (रे-ध) बोलतात, तर सोहनी तार षड्जाभोवतीच, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा-भोवतीच, खुलते. त्यामुळे कोडे घालताना न्यासस्वराची (ज्यावर थांबायचे त्या स्वराची) किंवा सप्तकाची एखादी खूण अवश्य द्यावी.