बार्बुडा: वाचवलं की उठवलं?

खाडीपलीकडे

रविवारी जेवताना एक मित्र सहज बोलून गेला, "दरवर्षी वादळं येतात, तर त्या टीचभर बेटांवर माणसांनी राहायचं तरी कशाला? उचला आणि मोठ्या बेटावर नेऊन ठेवा." बोलला आणि कोशिंबीर मागून घेतली. त्याच्यापुरता विषय संपला. मी मात्र तिथेच अडकलो, कारण हा प्रयोग एकदा करून झालेला आहे.

अँटिग्वा आणि बार्बुडा हा कॅरिबियनमधला एक देश. पैकी अँटिग्वा क्रिकेटमुळे आपल्या कानावरचं. बार्बुडा त्याच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर. चुनखडीचं सपाट बेट, १६० चौरस किलोमीटर, सगळ्यात उंच जागा समुद्रापासून ४० मीटरच्या आसपास. वस्ती म्हणाल तर कॉड्रिंग्टन हे एकच गाव, त्यात २०१७ साली १६०० ते १८०० माणसं.

५ सप्टेंबर २०१७ची मध्यरात्र उलटली आणि इर्मा नावाचं चक्रीवादळ या बेटावरून गेलं. बाजूने नाही, अगदी डोक्यावरून. ताशी २८५ किलोमीटरचा वारा, पाचव्या म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं वादळ. वारा मोजणारं यंत्रच मध्ये बंद पडलं. दोन वर्षांचं एक मूल गेलं. पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांनी ९५ टक्के बांधकामांचं नुकसान झाल्याचं सांगितलं. मागोमाग होजे नावाचं दुसरं वादळ येत होतं, म्हणून सगळ्या गावाला अँटिग्वाला हलवलं. होजे उत्तरेकडून निघून गेलं. बेट रिकामंच राहिलं, तीनशे वर्षांत पहिल्यांदा.

इथवर माझी तक्रार नाही. पुढचं वाचा. बार्बुडात जमीन कुणा एकट्याच्या नावावर नसायची. १६८५पासून कॉड्रिंग्टन घराण्याकडे बेट भाडेपट्ट्याने होतं. १८३४ला गुलामी संपली आणि ज्यांना तिथे राबवलं त्यांचे वंशज पुढे ती जमीन सामाईक वापरत राहिले. २००७च्या कायद्याने त्यावर शिक्का मारला: जमीन सगळ्या बार्बुडाकरांची, विकायची नाही, मोठा प्रकल्प आणायचा तर लोकांची संमती घ्यायची. इर्मानंतर, बरेच लोक अजून अँटिग्वात असताना, सरकारने हा कायदा बदलायला घेतला. नव्या विमानतळासाठी बुलडोझरही तेव्हाच फिरले.

माणसं हलवा, जरूर हलवा. पण परत कधी नेणार ते न सांगता हलवलं तर मराठीत त्याला 'उठवणं' म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

सुकाणू

बोटीवर नोकरी केली, या पाण्यातून बऱ्याचदा गेलोय. तुमचा मित्र बोलला फटकन, पण अगदीच चूक नाही.

वादळ डोक्यावरून जाणं म्हणजे काय ते सांगतो. आधी एका दिशेने वारा. घराची एक बाजू झोडपून निघते, तुम्ही पलीकडच्या भिंतीला पाठ लावून बसता. मग अचानक सगळं थांबतं. हा डोळा. कधी आकाशात चांदण्यासुद्धा दिसतात. माणसं बाहेर येतात, शेजाऱ्याला हाक मारतात, पडलेल्या घरातून उभ्या घरात पळतात. थोड्या वेळाने वारा पुन्हा, पण उलट्या बाजूने. मघाशी आडोसा दिलेली भिंत आता वाऱ्याच्या तोंडी. आणि पहिल्या फेरीत खिळखिळी झालेली असते ती वेगळीच.

बोटीवर आम्हाला शिकवतात, उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचं केंद्र डाव्या हाताला असतं. मग उलट दिशेने पळा. बोटीला पळता येतं. बेटाला येत नाही. होजे येतंय म्हटल्यावर छप्पर नसलेल्या गावात माणसं ठेवणारा पंतप्रधान मला दाखवा, मी त्याला मत देणार नाही.

आकडेमोड

सुकाणूंशी सहमत, आणि एक पाऊल पुढे.

सामाईक जमीन ऐकायला फार गोड वाटते. आमच्या गावी एका सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. त्यातली चार माणसं हयात नाहीत, दोन कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. बँक दारात उभी करत नाही. घर पडलं तर कर्ज कशावर काढणार? बार्बुडात तेच. सरकारने इर्मानंतर काय सांगितलं? ज्याचं घर ज्या जागेवर आहे ती जागा त्याच्या नावावर करतो, एका पूर्व कॅरिबियन डॉलरला. म्हणजे तेव्हाचे आपले पंचवीसएक रुपये! यात लूट कुठे दिसली?

देशाची ऐपतही बघा. विमा म्हणाल तर कॅरिबियन देशांनी मिळून एक आपत्ती-निधी काढलाय. त्यात वाऱ्याचा वेग वगैरे ठरावीक आकडे गाठले की पंचनामा न करता पैसे मिळतात. त्यातून या देशाला इर्मानंतर सुमारे ६८ लाख अमेरिकन डॉलर मिळाले. अख्खं गाव त्यात उभं राहतं का? पर्यटन आणि विमानतळ नको असेल तर पैसा कुठून आणायचा तेही धागाकर्त्याने सांगावं.

अर्धाचहा

बार्बुडाच्या लोकांना ज्या ठिकाणी ठेवलं त्यात व्हिव्ह रिचर्ड्स स्टेडियमही होतं ना? २०१६मध्ये कोहलीने द्विशतक ठोकलं ते हेच. मॅच बघताना कधी डोक्यात आलं नाही की सव्वा वर्षात तिथे गाव झोपायला येईल. बाकी चालू द्या, वाचतोय.

पोफळी

श्रीवर्धन तालुक्यात माहेर. ३ जून २०२०, निसर्ग. हरिकेन म्हणा नाहीतर चक्रीवादळ, जात एकच, फक्त इर्मापुढे आमचं बरंच लहान.

आदल्या दिवशी गावात सांगत फिरले, कच्च्या घरातल्यांनी शाळेत चला. माझी आजी हलेना. "गोठ्यात गाय आहे, तिला कोण सोडणार?" शेवटी काकाने गाय सोडली आणि आजीला स्कूटरवर बसवून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे परत. घरावर पत्रे नव्हते, वाडीत पोफळी आडव्या, नारळ मधूनच मोडलेले, वीज पुढे कित्येक आठवडे नाही. पण परत आलो. उंबऱ्यावर उभं राहून रडायला तरी आपला उंबरा होता.

मला इथे फरक दिसतो तो हा. आम्हाला वादळाआधी हलवलं आणि ते गेल्यावर सोडलं. बार्बुडात इर्मा आलं तेव्हा लोक बेटावरच होते. हलवलं ते नंतर.

आकडेमोड, सुपारी लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. नुकसानभरपाई मिळाली ती झाडामागे किती, ते इथे लिहीत नाही, हसाल. तरी कुणी आम्हाला म्हणालं नाही की तुम्ही आता पनवेललाच राहा, वाडीचं आम्ही बघतो.

तिरकीरेघ

'बेटावरच्यांना काय कळतं' हा जो सूर आहे त्याच्यासाठी एक गोष्ट. पॅसिफिकमध्ये सॉलोमन बेटांच्या पार पूर्वेला तिकोपिया म्हणून एक ठिपका आहे. डिसेंबर २००२च्या शेवटी झोई नावाचं वादळ त्यावरून गेलं, पाचव्याच श्रेणीचं. संपर्क तुटला. मदतीची बोट पोचायला आठवडा लागला. तोवर जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती माणसं मेल्यात जमा धरली होती. घरं, माड, शेतं, सगळं गेलं होतं. माणूस एकही गेला नव्हता. वारा वाढल्यावर लोक वाड्या सोडून डोंगराच्या कपारीत जाऊन बसले. बापजाद्यांनी सांगून ठेवलेलं.

तेव्हा कोण कुणाला वाचवतंय हे जरा जपून ठरवावं.

सुकाणू

> डोंगराच्या कपारीत जाऊन बसले

तिकोपियाला पावणेचारशे मीटरचा डोंगर आहे. बार्बुडाची उंची वर दिलीच आहे. कपार कुठून आणायची? प्रत्येक बेटाचं शहाणपण त्याच्या जमिनीत असतं, ते दुसरीकडे लावता येत नाही. आणि मी लोकांना काही कळत नाही असं म्हटलेलं नाही. छप्पर नसताना दुसरं वादळ अंगावर घेऊ नये, एवढंच म्हटलंय.

खाडीपलीकडे

सुकाणू, होजेसाठी हलवण्याला माझा विरोध नाही, धाग्यातच लिहिलंय. होजे गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल बोला. माणसं नेली, मागे कुत्री, घोडे, गुरं राहिली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था बेटावर जाऊन त्यांना चारा-पाणी देत होत्या. जनावराला रोज दोन वेळा पाणी द्यायची सोय होऊ शकते, तर घरमालकाला पत्रे ठोकायची का होऊ नये?

आकडेमोड, पंचवीस रुपयांबद्दल. जी वस्तू आधीच माझी आहे ती मला स्वस्तात विकतो म्हणणारा माणूस उदार की हुशार? एकदा तुकडे पाडून नावावर केले की तुकडा विकता येतो. आणि ज्याचं छप्पर उडालंय, पोरांची शाळा अँटिग्वात सुरू झालीय, तो विकणारच. सामाईक होतं तेव्हा पैशाच्या अडचणीतल्या एकाला गाठून सगळ्यांची जमीन घेता येत नव्हती. तुमच्या सातबाऱ्यावरच्या सव्वीस नावांमुळेच ती जमीन अजून कुणा बिल्डरच्या घशात गेली नसेल, बघा विचार करून.

आकडेमोड

माझ्या सातबाऱ्यावर बोट ठेवलंत, बरं झालं. बिल्डरच्या घशात गेली नाही हे खरं. पण त्यावरचं घरही वीस वर्षं पडून आहे. दोन्ही खरं आहे.

कायद्याचं म्हणाल तर लंडनची प्रिव्ही कौन्सिल हे त्या देशाचं शेवटचं न्यायालय. २०२२मध्ये तिने निकाल दिला की बार्बुडाच्या लोकांचा जमिनीवरचा हक्क हा राज्यघटनेच्या अर्थाने मालमत्ता नाही. म्हणजे 'जी वस्तू आधीच माझी' हे तुमचं गृहीतकच न्यायालयात टिकलं नाही. भावना समजते. कागद वेगळं सांगतो.

वादळं पुढे कमी होणार आहेत असंही नाही. २०२४मध्ये बेरिल १ जुलैला ग्रेनडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. अर्ध्या तासात बेट सपाट झालं असं त्यांचे पंतप्रधान म्हणाले. मग ते वादळ पाचव्या श्रेणीला पोचलं, अटलांटिकच्या हंगामात इतक्या लवकर याआधी कधी झालं नव्हतं. दर दहा वर्षांनी गाव नव्याने बांधायचं का?

जाईजुई

आकडेमोड, निकाल सांगायचे तर दोन्ही सांगा. विमानतळाच्या परवानगीला स्थानिकांनी आव्हान दिलं, तेव्हा तिकडच्या अपील न्यायालयाने 'तुमचा संबंध काय' म्हणून त्यांना उभंच केलं नव्हतं. त्याच प्रिव्ही कौन्सिलने २०२४मध्ये सांगितलं की संबंध आहे, त्यांना आव्हान देता येतं. छान. पण तोवर विमानतळ होत आला होता. त्याच वर्षी सुरूही झाला. सात वर्षांनी मिळालेला 'तुम्ही बोलू शकता' हा निकाल कपाटात ठेवायचा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. दर दहा वर्षांनी गाव बांधणं परवडत नाही, मग इर्मानंतर त्याच वाळूवर बांधायला घेतलेले श्रीमंतांचे बंगले आणि गोल्फचं मैदान कसं परवडतं? वारा बंगला बघून वळतो का? धोका एवढाच मोठा असेल तर तो सगळ्यांना लागू करा. गावकऱ्याला 'जागा राहण्यालायक नाही' आणि बाहेरच्या पाहुण्याला 'स्वर्ग', हे एकाच तोंडाने कसं म्हणायचं?

सुकाणू

या मुद्द्यावर मी जाईजुईंच्या बाजूने. वारा बंगला बघून वळत नाही, हे पगार घेऊन शिकलोय.

आकडेमोड

बंगलेवाला विमा उतरवतो, वादळाच्या हंगामात तो तिथे नसतो, आणि बंगला पडला तर त्याला ढिगाऱ्याखाली शोधावं लागत नाही. फरक आहे. पण ठीक, दुटप्पीपणाचा मुद्दा मान्य. अर्धा.

अर्धाचहा

'अर्धा' हे माझं नाव आहे, परवानगी घ्या. :)

एक वेगळंच. त्या बेटाच्या खाडीत फ्रिगेट पक्ष्यांची मोठी वसाहत आहे, नराच्या गळ्याला तो लाल फुगा असतो ते. इर्मात खारफुटी झोडपली गेली, खाडी आणि समुद्रामधला वाळूचा बांध फुटला, पक्षी उडून गेले. पण बेटावर माणसं परतायला लागायच्या आत ते परत आले म्हणे. त्यांचाही सातबारा नाही.

पोफळी

आकडेमोडांना विचारायचं होतं, वीस वर्षं पडून असलेल्या घराची घरपट्टी कोण भरतं?

आकडेमोड

मी. का?

पोफळी

सहजच. आमच्याकडे काकाने आता स्लॅब टाकायचं ठरवलंय. आजी म्हणते पुढच्या दोन खोल्यांवर कौलंच ठेवा, स्लॅबखाली झोप येत नाही. रत्नागिरीकडे जुनी कौलं उतरवून विकतात असं ऐकलंय. कुणाला माहिती असेल तर इथेच कळवा.